प्रवेशिका आवश्यक

त्या वर्षी नवरात्रापासून मी नाशिक शहर वाचायला घेतलं.

शहर वाचायचं असतं हे मला तोवर ठाऊक नव्हतं. सगळी नोकरी एकलहऱ्याच्या वीज केंद्रात कोळशाच्या पट्ट्यावर गेली. तिथे वाचण्यासारखा एकच शब्द होता, 'धोका', आणि त्याच्याखाली कवटी काढलेली असल्यामुळे तोही न वाचता भागायचं. निवृत्त झाल्यावर जेल रोडला आमच्या सोसायटीच्या मागे प्रौढांचा साक्षरता वर्ग निघाला. मी आणि चंद्रभागा, म्हणजे आमच्या मंडळी, दोघंही जाऊन बसलो आणि मला अक्षरं लागली. लागली म्हणजे तंबाखू लागते तशी लागली. बसमध्ये बसलो की दुकानांच्या पाट्या मोठ्याने वाचल्याशिवाय मला राहवत नसे.

शेजारचा माणूस म्हणायचा, "काका, मलाही वाचता येतं."

"मग वाचा की," मी म्हणायचो. "थांबलाय कशाला?"

आश्विन लागला की नाशकात बॅनरना बहर येतो. पूर्वी मला ती नुसती रंगीत कापडं वाटायची. कोणीतरी धुऊन वाळत घातली असतील असं समजून मी खालून जायचो. आता कळलं की त्यांच्यावर निमंत्रणं असतात. कालिकेची यात्रा, रावणदहन, कोजागरीचं दूध, दिवाळीचं गाणं, मग थंडी पडली की सर्कस, फुलांची प्रदर्शनं, हुरडा, पतंग. इतकी वर्षं मी पाळ्या करत होतो आणि हे शहर माझ्यावाचून एवढी मजा करत होतं. मला राग आला नाही. घाई झाली.

यात्रेत आम्ही आकाशपाळण्यात बसलो. चंद्रभागेने वरून सगळं नाशिक बघून घेतलं. मी डोळे मिटून घेतले, कारण एवढ्या उंचीवर वाचण्यासारखं काही नव्हतं. रावण जळताना बघितला. आणि कोजागरीच्या दुसऱ्या दिवशी बिटको चौकात मला तो बॅनर दिसला.

'पाडवा पहाट. सुरेल मैफल. प्रवेश विनामूल्य. प्रवेशिका आवश्यक.'

त्याखाली मुंग्यांसारखी बारीक अक्षरं होती. ती मी सोडून दिली. आमच्या अभ्यासक्रमात बारीक अक्षरं तिसऱ्या भागात येतात आणि मी तेव्हा पहिला भाग संपवून दुसऱ्यात होतो. आपल्या इयत्तेबाहेरचं वाचू नये असं माझं मत होतं.

घरी येऊन चंद्रभागेला सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. तिचं माहेर सुरगाण्याकडचं, तांदळात खडा असो वा नसो ती तो शोधतेच.

"मग पाडव्याला मला साडी नको," ती म्हणाली. "ओवाळणीत ते गाणंच घाला."

"गाणं ताटात कसं घालणार?"

"मला नेऊन घाला. आजवर गाणं ऐकलं ते भात लावताना, नायतर भाकरी थापताना. एकदा हात मोकळे ठेवून ऐकायचंय. आणि खुर्चीवर बसून. माझं गुडघं आता खाली बसू देत नाय."

"खुर्चीवर," मी म्हणालो. "शब्द दिला."

शब्द द्यायला मला काहीच वाटलं नाही, कारण प्रवेशिका आमच्याकडे होतीच. एक नव्हे, दोन. वर्गात नाव घातलं त्याच दिवशी गुरुजींनी हातात ठेवलेली. गुलाबी कव्हर, त्यावर निळ्या ठसठशीत अक्षरांत 'साक्षरता प्रवेशिका, भाग पहिला'. पहिल्याच पानावर कमळ. गाण्याला येणाऱ्या माणसाला निदान अक्षरओळख असावी, ही अट मला रास्तच वाटली. उगाच कोणीही येऊन बसायचं म्हणजे काय?

आमच्या खालच्या मजल्यावर गोटीराम राहतात. सरकारी कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेत. त्यांना पेन्शन मिळते, पण हुकूम सोडायला कोणी मिळत नाही, म्हणून ते आम्हाला सल्ले देतात. ते तुळशीला पाणी घालत होते.

"काय झिपरूभाऊ, पाडव्याला काय बेत?"

"नाशिकला गाण्याला जायचंय." आम्ही नाशिकमध्येच राहतो, पण नाशिकरोडचा माणूस शहरात निघाला की 'नाशिकला जातो' असंच म्हणतो. "पाडवा पहाट."

गोटीराम हसले. "नुसतं जाऊन उपयोग नाही. प्रवेशिका लागते."

"आहे."

"आहे?"

"दोघांची आहे."

तांब्यातलं पाणी तुळशीऐवजी त्यांच्या चपलेवर पडायला लागलं. "अहो, मी दुकानं पालथी घातली. पहिल्याच दिवशी संपल्या. तुम्हाला कधी मिळाली?"

"मागच्या वर्षी."

"मागच्या वर्षी? यंदाच्या कार्यक्रमाची?"

"नाव घातलं तेव्हाच गुरुजींनी दिली."

गोटीराम तांब्या खाली ठेवून जवळ आले. "गुरुजींशी तुमची ओळख आहे?"

"रोज संध्याकाळी त्यांच्यासमोर बसतो. हीसुद्धा."

इथे माझी जीभ जरा घसरली, कारण सोसायटीतली माणसं शिकलेली, त्यामुळे आम्ही वर्गाचं कोणाला सांगितलं नव्हतं. संध्याकाळी फिरायला जातो असंच सांगायचो. आता हा माणूस हसणार म्हणून मी कान गरम करून उभा राहिलो. पण गोटीराम हसले नाहीत.

"दोघंही शिकताय," ते हळूच म्हणाले. "आणि आम्हाला कधी आवाजसुद्धा आला नाही."

"सुरुवातीला मोठ्याने करायचो. आता मनातल्या मनात येतं."

"वा," गोटीराम म्हणाले. "झिपरूबुवा, वा."

भाऊचा मी त्या क्षणी बुवा झालो. गाणाऱ्या माणसाला बुवा म्हणतात हे मला माहीत होतं. पण वाचणाऱ्यालाही म्हणत असतील असं मी धरून चाललो. मला ते शोभलंही.

संध्याकाळपर्यंत ही गोष्ट जिन्याने वरपर्यंत गेली. सगळ्यात वरच्या मजल्यावरच्या मालनबाई, शाळेच्या मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या, आजवर माझ्याशी फक्त पाण्याच्या टाकीबद्दल बोललेल्या. त्या चिवड्याचा डबा घेऊन आल्या.

"गुरुजींकडे आमच्यासाठी एखादा शब्द टाकाल का?"

"शब्द कशाला? कपाट भरून पडल्यात त्यांच्याकडे."

यानंतर आमच्या दारात चकल्या, शंकरपाळे आणि माणसं यांची रांग लागली. प्रत्येकाने एक प्रवेशिका मागितली आणि बदल्यात एक सल्ला दिला. कानटोपी घ्या. कानटोपी घेऊ नका, गाणं ऐकू येणार नाही. तबल्याच्या बाजूला बसू नका. खिशात लवंग ठेवा, खोकला आला तर लोक मारायला उठतात. मालनबाईंनी मला दाद द्यायला शिकवलं.

"समेवर मान हलवायची."

"सम कधी येते?"

त्यांनी विचार केला. "सगळे मान हलवतात तेव्हा."

आमच्या वर्गाचे समर्थ गुरुजी म्हणजे कोवळा मुलगा. नुकता नोकरीला लागलेला, मिशी अजून मनावर न घेतलेली. मी त्यांना म्हणालो, "प्रवेशिका पाहिजेत. नऊ."

"बाबा, त्या कार्यालयाच्या मालकीच्या आहेत. नवीन निरक्षर मिळाल्याशिवाय कपाटातून काढता येत नाहीत."

"माणसं आहेत की."

"निरक्षर आहेत?"

हा प्रश्न अवघड होता. गोटीराम रोज पेपरातला अग्रलेख वाचून त्यातल्या चुका काढत. पण नियम तो नियम. मी खरं ते सांगितलं. "त्यांच्याकडे प्रवेशिका नाही."

"म्हणजे निरक्षरच," गुरुजी म्हणाले आणि त्यांचा चेहरा उजळला. वर्गात माणसं वाढत नाहीत म्हणून वरचे साहेब त्यांना दर आठवड्याला झाडत होते, आणि इथे एका फटक्यात नऊ. "नावं सांगा."

मी सांगत गेलो. त्यांनी प्रत्येक प्रवेशिकेच्या पहिल्या पानावर, कमळाच्या वर, सुंदर अक्षरात नाव आणि शेरा घातला.

"पाडव्याच्या आत पाहिजेत सगळ्यांना," मी म्हणालो.

"दिवाळीतसुद्धा?" गुरुजींनी पेन खाली ठेवलं. "बाबा, कुठे असते हो एवढी तळमळ?"

गठ्ठा मी पेपरात बांधून आणला. वाटायला निघालो तर गोटीरामांनी अडवलं. "आत्ता वाटू नका. कोणीतरी ऐन वेळी घरी विसरेल. सगळ्या तुमच्याजवळ ठेवा, दारात वाटू." हा सल्ला गोटीरामांचा होता. पुढे जे झालं त्यात ही गोष्ट लोक विसरतात, म्हणून सांगून ठेवतो.

राहिला प्रश्न गाडीचा. पाडव्याच्या पहाटे बस नाही, रिक्षावाले झोपलेले. शेवटी मल्हारी नावाचा मॅटाडोरवाला मिळाला. तो मळ्यांतून फुलं भरून बाजारात पोचवायचा. "लक्ष्मीपूजनाचा थोडा झेंडू राहिलाय मागं," तो म्हणाला. "बाजूला सारून बसा."

थोडा म्हणजे गुडघ्यापर्यंत होता. पहाटेच्या अंधारात, कडक थंडीत, आमची सोसायटी इस्त्रीच्या कपड्यांनिशी झेंडूत उतरली. मालनबाई पैठणी सावरत म्हणाल्या, "झिपरूबुवा, गुरुजींनी गाडी नाही का पाठवली?"

"ते सायकलवर येतात," मी म्हणालो.

"साधेपणा बघा," गोटीराम म्हणाले.

चंद्रभागा माझ्याजवळ बसली होती. तिने ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसलं होतं आणि हात मांडीवर ठेवले होते, नुसते, काहीही न करता. ते हात असे रिकामे मी कधी बघितले नव्हते. "खुर्ची असंल ना नक्की?" तिने कानात विचारलं.

"पाठ टेकायची खुर्ची," मी म्हणालो.

गंगापूर रोडवरच्या एका शाळेच्या मैदानावर मांडव होता. दिव्यांच्या माळा, रांगोळी, अत्तराचा वास, तंबोऱ्याचा आवाज. माझ्या अंगावर काटा आला. आत ओळीने मांडलेल्या खुर्च्या दिसत होत्या, पांढऱ्याशुभ्र, पाठ टेकायच्या. दारात छातीवर बिल्ला लावलेली, काठपदराच्या साडीतली एक मुलगी उभी होती. बिल्ल्यावर 'मंजुषा' लिहिलेलं मी लांबूनच वाचलं. आम्ही मॅटाडोरमधून उतरलो तसा आमच्याबरोबर निम्मा झेंडू उतरला. गोटीरामांच्या कानटोपीत एक फूल होतं. मालनबाईंच्या अंबाड्यात चार होती, ती मात्र शोभत होती.

मंजुषा आत ओरडून म्हणाली, "हारवाले आले." मग मला म्हणाली, "आजोबा, फुलं मागच्या दाराने घ्या."

असा अपमान कोळशाच्या पट्ट्यावरही माझा कोणी केला नव्हता. "आम्ही हारवाले नाही," मी म्हणालो. "रसिक आहोत." रसिक हा शब्द मी दुसऱ्या एका बॅनरवर वाचला होता आणि वापरायला टपलोच होतो.

"मग प्रवेशिका?"

मी मागे वळून आमच्या सोसायटीकडे बघितलं, गठ्ठ्याची गाठ सोडली आणि प्रत्येकाच्या हातात एकेक गुलाबी प्रवेशिका दिली. शेवटी आमच्या दोघांच्या, जुन्या, कोपरे दुमडलेल्या. माझी मी मंजुषाच्या पुढे धरली.

तिने ती उलटी केली, सुलटी केली. "हे काय आहे?"

"वाचा," मी म्हणालो.

"साक्षरता प्रवेशिका."

"मग झालं तर."

"आजोबा, ही नाही चालत. कार्यक्रमाची पाहिजे."

"तुमच्या बॅनरवर काय लिहिलंय? प्रवेशिका आवश्यक. कसली ते लिहिलंय का? नाही. ही प्रवेशिका आहे का? आहे. मी पूर्ण केलेली आहे. पाहिजे तर विचारा कुठलंही पान. क कमळाचा, ब बदकाचा."

मागची रांग वाढत चालली होती. रांगेतून कोणीतरी म्हणालं, "बरोबर बोलतायत आजोबा." दुसरा म्हणाला, "बदकाचं राहू द्या, पुढे सरका."

आमच्या सोसायटीची माणसं मात्र हातातल्या प्रवेशिका उघडून बघत होती. मालनबाईंनी पहिलं पान उघडलं होतं. "'मालनबाई,'" त्या वाचू लागल्या, "'नवीन निरक्षर.'" "मी चाळीस वर्षं मुलं शिकवली."

गोटीरामांनी आपली उघडली, वाचली, मिटली आणि मला विचारलं, "झिपरूभाऊ, गुरुजी म्हणजे कोण?"

बुवाचा मी परत भाऊ झालो.

सगळा उलगडा दारातच झाला. शिकलेली माणसं रागावली की फार शुद्ध बोलतात. गोटीराम म्हणाले, "ही आमची घोर फसवणूक आहे." मी म्हणालो, "दारात वाटायचा सल्ला कोणाचा?" ते म्हणाले, "त्याचा इथे संबंध नाही." मी मंजुषाला म्हणालो, "बाकीच्यांचं राहू दे, पोरी. ह्या एकीला आत सोड. मी शब्द दिलाय, खुर्चीचा." ती बिचारी रडकुंडीला आली होती. "आजोबा, मला सोडता येत नाही हो. एकही खुर्ची जास्तीची नाही."

मी चंद्रभागेकडे बघायला वळलो, तर ती जागेवर नव्हती.

ती दाराशेजारच्या मोठ्या बॅनरपाशी उभी होती. बोट वर धरून, एकेक अक्षर लावत वाचत होती. चंद्रभागेचं वाचन फार सावकाश. वर्गात तिचं एक वाक्य होईस्तोवर माझं पान व्हायचं. पण तिला काही अर्धवट टाकता येत नाही, पातेलं असो की पाटी. तिचं बोट आता बॅनरच्या अगदी तळाला, मुंग्यांवर आलं होतं.

"प्र-वे-शि-का," ती मोठ्याने म्हणाली, "न-स-ले-ल्या."

दारातली बोलाचाली थांबली. रांगही थांबली. तिच्यासाठी कोणाला घाई करता येईना.

"र-सि-कां-सा-ठी. व्या... व्यास... पी-ठा-च्या. मा-गे. स-त-रं-ज्यां-ची. सो-य."

मंजुषा धावत बॅनरपाशी गेली, वाचलं आणि म्हणाली, "अय्या, हो की. हे मला कोणी सांगितलंच नाही."

चंद्रभागा माझ्याकडे वळली. "तुम्ही वाचला होता ना हा बॅनर?"

"बारीक अक्षरं तिसऱ्या भागात आहेत," मी म्हणालो.

व्यासपीठाच्या मागे जायला वाट कुठून होती? हारवाल्यांच्या दारातून. हारवाले म्हणून गेलो असतो तर केव्हाच आत असतो.

मागे मैदानावर दव पडलं होतं. सतरंज्या ओल्या आणि खाली गवत थंडगार. बाकीची मंडळी तोंड वाकडं करून बसली. चंद्रभागा उभीच राहिली, गुडघ्यावर हात ठेवून. मला फार वाईट वाटलं. मी प्रवेशिका गोळा करून त्यांचा गठ्ठा बांधला आणि तिच्यासमोर ठेवला. "ह्यावर टेक जरा."

तिने माझ्याकडे असं बघितलं की थंडी कमी झाली. "विद्येवर बसू?" तिने वाकून गठ्ठ्याला हात लावला, तो हात कपाळाला लावला, आणि पुन्हा उभी राहिली.

इतक्यात अंधारातून मंजुषा आली. तिच्या डोक्यावर एक लोखंडी घडीची खुर्ची होती. "आजी, ही दारातली माझी आहे," ती म्हणाली. "मला उभंच राहायचंय. तुम्ही बसा." आणि पळालीसुद्धा.

चंद्रभागा बसली. पाठ टेकली. हात मोकळे सोडले.

आणि गाणं सुरू झालं. मागचा पडदा एका बाजूने सुटला होता, त्यातून आम्हाला जे दिसलं ते खुर्चीवरच्या नाशिककरांना जन्मात दिसलं नसतं. गाणाऱ्या बाईंची पाठ आणि त्या पाठीमागे लपवलेला चहाचा थर्मास. तबलजीच्या पायाचा नाचणारा अंगठा. आणि त्यांच्या पलीकडे थेट आमच्याकडे तोंड करून बसलेलं सगळं शहर. आवाज वर चढत गेला तसं आभाळ उजळत गेलं, आणि एका जागी शेकडो माना एकदम हलल्या.

"सम आली," मी मालनबाईंना सांगितलं. "मला दिसली."

मालनबाईंना हसू आवरेना. तिथून पुढे समेची बातमी सगळ्यांना मी देत होतो. मल्हारीसुद्धा गाडी सोडून आमच्यात येऊन बसला होता. गोटीराम आधी रागाने मान हलवत होते, मग नुसतेच हलवायला लागले.

पहिलं गाणं संपल्यावर चंद्रभागा उठली. "मालनबाई, तुम्ही बसा आता. पैठणी भिजतीय."

"अहो, तुमची खुर्ची आहे."

"बसले की मी. एक गाणं पुरं बसले. आता एकेकाने बसायचं."

मग ती खुर्ची फिरू लागली. एका गाण्याला एक माणूस. तिच्यावर बसलेला माणूस आपोआप पाहुण्यासारखा दिसायचा. बाकीचे त्याला घरून आणलेला चहा द्यायचे, लवंग द्यायचे. गोटीरामांनी भैरवीवर डोळा ठेवून आपली पाळी पुढे ढकलत नेली आणि बरोबर साधली. माझी पाळी शेवटची, कारण मी गुन्हेगार. मी बसलो, पाठ टेकली, हात मोकळे सोडले, आणि आभारप्रदर्शन सुरू झालं.

ते मी पुरं ऐकलं. मांडववाले, वीजवाले, अत्तरवाले, सगळ्यांचे आभार मी खुर्चीवर बसून ऐकले आणि प्रत्येक नावाला मान हलवली. हारवाल्यांचे आभार मानले तेव्हा आमच्या सगळ्या सतरंजीने टाळ्या वाजवल्या.

परत निघालो तेव्हा कोवळं ऊन पडलं होतं. झेंडूत बसण्याची आता सवय झाली होती. गोटीराम आपली प्रवेशिका चाळत होते. "छपाईच्या दोन चुका आहेत," असं म्हणाले, म्हणजे राग गेला होता. आणि द्वारका चौकाच्या अलीकडे मला एक नवा कोरा बॅनर दिसला.

"पुष्पप्रदर्शन," मी ओरडलो. "गुलाब व शेवंती. डिसेंबरात. सर्वांना प्रवेश."

"मला यायचंय," मालनबाई म्हणाल्या. बाकीच्यांनीही माना हलवल्या, सम असल्यासारख्या.

"खालची ओळ वाचली का?" चंद्रभागेने विचारलं.

"गाडी पळतेय."

तिने पुढे वाकून मल्हारीच्या खांद्यावर बोटाने टकटक केलं. "दादा, उभी कर जरा. यांना खालची ओळ वाचायचीय."

मल्हारीने गाडी कडेला घेतली. मी उतरलो. मागे अख्खी सोसायटी झेंडूत बसून वाट बघत होती. कोणी मदत केली नाही. मी बॅनरखाली उभा राहिलो, बोट वर केलं आणि तिसऱ्या भागातली अक्षरं पहिल्यांदाच, एकेक करून लावली. वेळ लागला. मग परत येऊन सगळ्यांना सांगितलं.

"फुलांना हात लावू नये."

चंद्रभागेने लुगड्यावरचा झेंडू झटकला. "मग जाऊ," ती म्हणाली.